विंडोज १० वरून ११ वर: सी, डी, ई ड्राइव्ह, कृतीदेव आणि बटण दाबण्याआधीची कामं

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. संगणक काही त्या दिवशी बंद पडला नाही, रोज पूर्वीसारखाच सुरू होतो, आणि म्हणूनच घरोघरी हे काम ‘बघू पुढच्या रविवारी’ म्हणत रेंगाळलंय. पण वाढीव अपडेटसाठी वेगळं नाव नोंदवलं नसेल, तर सुरक्षेतली नवी भोकं सापडली की त्यांना ठिगळ लावणं थांबलेलं आहे. ज्या मशीनवर नेटबँकिंग चालतं, आयकराचं विवरणपत्र भरलं जातं किंवा सोसायटीचे हिशेब ठेवले जातात, तिथे असं चालवून घेऊ नये.

अस्सल, अ‍ॅक्टिव्हेट झालेलं विंडोज १० असेल तर ११ फुकट मिळतं. अपग्रेडचं बटण दाबणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. अडतं ते त्याच्या आधी. आपल्याकडे संगणक ज्या पद्धतीने जुळवले गेले आणि वापरले गेले, म्हणजे एका डिस्कचे सी-डी-ई-एफ तुकडे पाडून, बायॉसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरला) हात न लावता, दुकानदाराने दिलेले मराठी फॉन्ट टाकून, त्या सगळ्या सवयी इथे एकेक करून आडव्या येतात.

मशीन बसतं का?

विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबून ‘विनव्हर’ चालवा. आवृत्ती २२एच२ दिसायला हवी. जुनी असेल तर आधी विंडोज १० चे राहिलेले अपडेट पूर्ण करा. मग सेटिंग्जमध्ये सिस्टिम, अबाउट या पानावर ‘सिस्टिम टाइप’ पाहा. तिथे ३२-बिट लिहिलं असेल तर थेट अपग्रेडचा रस्ताच नाही, कारण विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येतं. प्रोसेसर ६४-बिटचा असला तरी सगळं पुसून नव्याने टाकावं लागतं. आणखी एक गोष्ट: ३२-बिट विंडोजवर कसेबसे चालणारे डॉसच्या जमान्यातले फॉक्सप्रोचे हिशेबाचे प्रोग्रॅम ६४-बिटवर उघडतच नाहीत. त्यांच्यासाठी डॉसबॉक्स (डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम) लागेल, आणि तिथे छपाईची वेगळी कसरत आहे. पतसंस्थेचं किंवा दुकानाचं जुनं काम घरच्या मशीनवर असेल तर हे आधी तपासा.

प्रोसेसर इंटेलचा असेल तर ढोबळमानाने आठवी पिढी किंवा पुढचा हवा. नावातल्या आकड्यावरून ओळखता येतो: आय५-७४०० सातव्या पिढीचा, म्हणून नापास, आय५-८२५०यू आठव्या पिढीचा, म्हणून पास, आय५-१०४०० दहाव्या पिढीचा. एएमडीमध्ये रायझन २००० च्या मालिकेपासून यादी सुरू होते, पण त्या मालिकेतल्याही सगळ्या चिप यादीत नाहीत. आकड्यावर विसंबू नका, मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे छोटं अ‍ॅप टाकून विचारा. ते प्रोसेसर, टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी यंत्रणा) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) या तिन्हींचं वेगवेगळं उत्तर देतं.

कागदावर ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी डिस्क पुरते. प्रत्यक्षात ८ जीबीच्या खाली जाऊ नका. आणि विंडोज अजून फिरत्या हार्ड डिस्कवर असेल तर अपग्रेडच्या आधी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा, नंतर नव्हे. ११ हार्ड डिस्कवर चालतं, पण टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर चिकटून बसते आणि लोक दोष विंडोजला देतात. जुन्या लॅपटॉपला अडीच इंची, ७ मिलिमीटर जाडीची साटा एसएसडी लागते. एम.२ची (पट्टीसारख्या एसएसडीची) खाच असेल तर ती साटा घेते की एनव्हीएमई या दुसऱ्या प्रकारची, हे मॉडेलच्या पुस्तिकेत पाहिल्याशिवाय खरेदी करू नका. दोन्ही पट्ट्या सारख्याच दिसतात, पण साटावाल्या खाचेत एनव्हीएमई चालत नाही.

टीपीएम ‘नाही’ म्हणजे बहुतेक वेळा ‘बंद’

आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीच्या मशीनवर ‘टीपीएम सापडत नाही’ असा निरोप आला तर लगेच बोर्ड बदलायला निघू नका. टीपीएम २.० प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्येच असतं. जुळवलेल्या संगणकांवर ते बायॉसमध्ये बंद ठेवलेलं असतं, एवढंच. इंटेलमध्ये त्याचं नाव पीटीटी, एएमडीमध्ये एफटीपीएम. जुळवलेल्या मशीनवर सुरू होताना ‘डिलीट’ दाबून बायॉसमध्ये शिरता येतं; डेलला एफ२, एचपीला एफ१०. असूसच्या बोर्डांवर पीटीटी ‘अ‍ॅडव्हान्स्ड’च्या आत ‘पीसीएच-एफडब्ल्यू’ मध्ये असतं, एमएसआयवर ‘सिक्युरिटी’च्या आत ‘ट्रस्टेड कॉम्प्युटिंग’ मध्ये. सुरू करून, सेव्ह करून बाहेर या आणि विंडोजमध्ये ‘टीपीएम.एमएससी’ चालवून आवृत्ती २.० दिसते का ते पाहा.

डिस्कवर बिटलॉकर (डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर बायॉसमध्ये काहीही बदलण्याआधी ते तात्पुरतं थांबवा आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. अनेक नव्या लॅपटॉपवर मालकाला न सांगता ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू असतं. ही की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते, आणि ते खातं कोणत्या ईमेलवर काढलं होतं हे घरात कोणालाच आठवत नाही. ते आजच शोधा.

खरी अडचण: डिस्कची रचना

‘एमएसइन्फो३२’ चालवा आणि ‘बायॉस मोड’ ही ओळ पाहा. तिथे ‘यूईएफआय’ (संगणक सुरू करायची नवी पद्धत) असेल तर हा भाग सोडून पुढे जा. ‘लेगसी’ असेल तर डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने आखलेली आहे, आणि विंडोज ११ चा इन्स्टॉलर ‘या संगणकाला सिक्युअर बूट येत नाही’ म्हणून परत पाठवतो. सिक्युअर बूट प्रत्यक्षात चालू असलंच पाहिजे असं नाही, पण मशीन यूईएफआयने सुरू व्हायला हवं, आणि त्यासाठी बूट होणारी डिस्क जीपीटी या नव्या पद्धतीने आखलेली लागते.

विंडोजमध्येच यासाठी ‘एमबीआर२जीपीटी’ नावाचं साधन आहे. नाव रोमन अक्षरांत, सलग, मधला २ आकड्यात. कमांड प्रॉम्प्ट ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ने उघडून आधी ‘व्हॅलिडेट’ आणि मग ‘कन्व्हर्ट’ हा पर्याय द्यायचा. चालू विंडोजमधूनच करत असल्यामुळे दोन्ही वेळी ‘अलाऊफुलओएस’ हाही पर्याय जोडायचा. प्रत्येक पर्यायाच्या आधी तिरपी रेघ (/). फाइल्स जागच्या जागी राहतात.

मात्र त्याच्या दोन अटी आहेत: डिस्कवर प्रायमरी पार्टिशन जास्तीत जास्त तीन, आणि एक्स्टेंडेड पार्टिशन एकही नको. इथेच आपली गाडी अडते. एक्सपी आणि विंडोज ७ च्या काळात ‘व्हायरस आला तर सी उडेल, डी-ई वाचतील’ म्हणून एका डिस्कचे चार तुकडे करायची पद्धत होती, आणि त्यातले डी, ई, एफ बहुधा एक्स्टेंडेडच्या पोटातले लॉजिकल ड्राइव्ह असतात. डिस्क मॅनेजमेंटमध्ये हिरव्या चौकटीत वेढलेले दिसतात ते हेच. अशा डिस्कवर व्हॅलिडेशन नापासच होणार.

मार्ग दोन. डी-ई-एफमधला सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर हलवायचा, ते ड्राइव्ह आणि त्यांना वेढणारं एक्स्टेंडेड पार्टिशन पुसायचं आणि मग रूपांतर करायचं. किंवा नवी एसएसडी घेऊन विंडोज ११ तिच्यावर कोरं टाकायचं आणि जुनी हार्ड डिस्क आहे तशी डेटासाठी ठेवायची. जीपीटीची सक्ती फक्त बूट होणाऱ्या डिस्कला आहे. दुसरी डिस्क एमबीआर राहिली तरी काही बिघडत नाही. दुसरा मार्गच घ्यावा. त्यात जुनी डिस्क हाताळलीच जात नाही. इन्स्टॉल करताना मात्र तिची साटा केबल काढून ठेवा. नाहीतर इन्स्टॉलर कधीकधी बूटचं पार्टिशन दुसऱ्याच डिस्कवर बनवतो, आणि पुढे कधीतरी ती डिस्क काढली की विंडोज सुरू होत नाही.

पहिला मार्ग घेतलात तर क्रम चुकवू नका: आधी रूपांतर, लगेच पुढच्याच रीस्टार्टला बायॉसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद करून यूईएफआय चालू. उलटं केलंत तर ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ येईल. घाबरू नका, सीएसएम पुन्हा चालू केलं की सगळं जागेवर येतं. दहा-बारा वर्षांपूर्वीचं वेगळं ग्राफिक कार्ड लावलेलं असेल तर आणखी एक गंमत होऊ शकते: सीएसएम बंद करताच पडदा काळा, कारण त्या कार्डाला यूईएफआयची भाषा येत नाही. कार्ड काढून मॉनिटरची केबल बोर्डावरच्या पोर्टला लावा. तरीही काही दिसलं नाही तर वीज पूर्ण बंद करून बोर्डावरचा सीआर२०३२ सेल पाच मिनिटं काढून ठेवा, म्हणजे बायॉस मूळ स्थितीत येईल.

काय वाचवायचं

फोटो आणि कागदपत्रांच्या दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी, हे सगळेच सांगतात. न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींमध्ये पहिला नंबर फॉन्टचा. कृतीदेव, शिवाजी, श्री-लिपी, आयएसएममधले योगेश आणि सुरेख हे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत. ‘मराठी’ हा शब्द कृतीदेवमध्ये ई, जे, के, बी, एच अशा पाच रोमन अक्षरांच्या रूपात साठवलेला असतो. तो मराठी दिसतो तो फक्त फॉन्टमुळे. फॉन्ट गेला की वीस वर्षांची पत्रं, सोसायटीची इतिवृत्तं, कवितांच्या फायली, सगळ्याचं रोमन कडबोळं होतं. जागच्या जागी अपग्रेडमध्ये फॉन्ट सहसा टिकतात, कोऱ्या इन्स्टॉलमध्ये एकही टिकत नाही. विंडोजच्या फोल्डरमधलं ‘फॉन्ट्स’ उघडून ते पेनड्राइव्हवर कॉपी करा. काही फॉन्ट सापडले नाहीत तर ते फक्त त्या वापरकर्त्यासाठी टाकलेले असतील. तसे फॉन्ट अ‍ॅपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स अशा लपलेल्या वाटेवर असतात. जुन्या फायली युनिकोडमध्ये बदलून घ्यायच्या असतील तर जरूर घ्या, पण त्याच आठवड्यात नको. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे काय बिघडलं ते कळतं.

गूगलचं जुनं ऑफलाइन इनपुट टूल ज्यांच्याकडे आहे त्यांनी लक्षात घ्या: गूगलने त्याचं डाउनलोड केव्हाच काढून टाकलं आहे. इन्स्टॉलर जपून ठेवला नसेल तर ते परत मिळणार नाही. पर्याय विंडोजमध्येच आहे, त्याबद्दल खाली.

टॅलीच्या डेटाचा फोल्डर, आउटलुकची पीएसटी फाइल, ब्राउझरमधले पासवर्ड, विकत घेतलेल्या प्रोग्रॅमच्या लायसन्स की, हे सगळं वेगळं काढा. जुन्या मराठी सॉफ्टवेअरला यूएसबी लॉक असेल तर त्याचा ६४-बिट ड्रायव्हर आधी शोधून ठेवा. डिजिटल सहीचं टोकन मात्र सुरक्षित आहे. सर्टिफिकेट टोकनच्या आत असतं, विंडोज पुसल्याने ते जात नाही. नंतर फक्त टोकनचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो. पिन आठवत नसेल तर अंदाजाने मारत बसू नका, काही चुकांनंतर टोकन लॉक होतं. प्रिंटरचंही तसंच: लेसरजेट १०२० किंवा एलबीपी२९०० सारखी जुनी, टिकाऊ यंत्रं ६४-बिट ड्रायव्हरवर चालतात, पण तो ड्रायव्हर आधी उतरवून ठेवलेला बरा.

आयएसओची भाषा, आणि विजेचा वार

अपग्रेड तीन प्रकारे होतं: विंडोज अपडेटमधून, इन्स्टॉलेशन असिस्टंटने, किंवा पूर्ण आयएसओ (इन्स्टॉलेशनची एकच मोठी फाइल) उतरवून. इंटरनेट अधूनमधून तुटत असेल तर आयएसओच बरी. फाइल पाच जीबीच्या वर जाते. ती डबल-क्लिक केली की ड्राइव्हसारखी उघडते, मग आतलं ‘सेटअप’ चालवायचं. पहिल्याच पानावर अपडेट डाउनलोड करायचे का विचारतात, तिथे ‘आत्ता नको’ म्हणा. अडकण्याची एक जागा कमी होते. कोरं इन्स्टॉल करायचं असेल तर ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि मीडिया क्रिएशन टूल. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं.

आयएसओ निवडताना इंग्रजीचे दोन पर्याय दिसतात: ‘युनायटेड स्टेट्स’ आणि ‘इंटरनॅशनल’. भारतात आहोत म्हणून इंटरनॅशनल घेतलं आणि मूळ विंडोज अमेरिकन इंग्रजीत असलं, तर सेटअपमध्ये ‘फाइल्स आणि अ‍ॅप्स ठेवा’ हा पर्याय फिका पडतो. पुष्कळजण इथे वैतागून ‘काहीच ठेवू नका’ निवडतात आणि मग रडतात. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डिझम’ (डी-आय-एस-एम) या कमांडला ‘ऑनलाइन’ आणि ‘गेट-इंटल’ हे पर्याय द्या. उत्तरात ‘डिफॉल्ट सिस्टिम यूआय लँग्वेज’समोर ‘ईएन-यूएस’ आलं तर युनायटेड स्टेट्स, ‘ईएन-जीबी’ आलं तर इंटरनॅशनल.

सी ड्राइव्हवर २५ ते ३० जीबी जागा मोकळी ठेवा. बाहेरचा अँटिव्हायरस काढून टाका. नुसता ‘पॉज’ पुरत नाही. कीबोर्ड आणि माउस सोडून बाकी यूएसबी वस्तू काढा. एसएसडीवर साधारण तासाभरात काम होतं, हार्ड डिस्कवर तीन-चार तास धरा. महावितरणचा देखभालीचा शटडाऊन तुमच्याकडे ज्या वारी असतो, तो वार टाळा. डेस्कटॉपचा ६०० व्हीएचा यूपीएस दहा-पंधरा मिनिटंच तग धरतो, तेवढ्यात इन्स्टॉल संपत नाही. घराच्या इन्व्हर्टरवर संगणक असेल तर त्याचा खटका ‘यूपीएस मोड’वर आहे का पाहा, साध्या मोडमध्ये वीज बदलताना लागणाऱ्या क्षणात संगणक रीस्टार्ट होऊ शकतो. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण भरून, वर चार्जर लावूनच बसा. मध्ये तीन-चार वेळा मशीन आपोआप बंद-चालू होतं आणि टक्केवारी एकाच आकड्यावर बराच वेळ थांबते. डिस्कचा दिवा लुकलुकत असेल तोवर पॉवरचं बटण दाबू नका.

अडलं तर

‘सिस्टिम रिझर्व्हड पार्टिशन अपडेट करता आलं नाही’ हा निरोप आला तर सी ड्राइव्ह रिकामा करून उपयोग नाही. भरलेलं आहे ते बूटचं १०० एमबीचं छुपं पार्टिशन. त्यात बूट मेनूसाठी अनेक भाषांचे फॉन्ट पडून असतात, ते काढता येतात. जीपीटी डिस्कवर ‘माउंटव्हॉल’ ही कमांड, त्यापुढे ‘वाय’ ड्राइव्ह आणि ‘एस’ पर्याय देऊन ते पार्टिशन उघडायचं, त्यातल्या ईएफआय, मायक्रोसॉफ्ट, बूट, फॉन्ट्स या फोल्डरमधल्या फायली पुसायच्या आणि पुन्हा सेटअप चालवायचा. त्या एका फोल्डरच्या बाहेर काहीही पुसू नका. बूट लोडर शेजारीच राहतो.

शून्य-एक्स-सी-१९००१०१ ने सुरू होणारा कोड जवळजवळ नेहमी ड्रायव्हरचा असतो. ग्राफिक, वायफाय आणि स्टोरेजचे ड्रायव्हर बोर्डाच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या पानावरून अद्ययावत करा आणि पुन्हा प्रयत्न करा. शून्य-एक्स-८००७००७० म्हणजे जागा कमी.

प्रोसेसर नापास झाला तर

रेजिस्ट्रीत फेरफार करून किंवा रुफस या प्रोग्रॅमने बनवलेल्या पेनड्राइव्हने ११ टाकता येतं. अगदी जुन्या कोअर २ ड्युओवर तेही नाही, कारण २४एच२ पासूनच्या आवृत्त्यांना लागणाऱ्या प्रोसेसरच्या काही सूचना (इन्स्ट्रक्शन) त्या चिपमध्ये नाहीतच. ज्याला दरवर्षीचा मोठा अपडेट हाताने बसवायची हौस आहे त्याने हा मार्ग घ्यावा. गावाकडच्या आईवडिलांच्या मशीनवर तो नको. तिथे तुम्ही नसता.

त्यापेक्षा १० वरच राहून वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नाव नोंदवा. विंडोज अपडेटच्या पानावर तशी लिंक दिसते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की हे मोफत मिळतं. नाहीतर १,००० रिवॉर्ड्स गुण किंवा ३० डॉलर. मुदत १३ ऑक्टोबर २०२६. त्यापुढे विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली. ४ जीबी रॅमवर मिंट बरं चालतं, आणि मराठी लिहायला त्यात इनस्क्रिप्टबरोबर गमभनची मांडणीही मिळते. टॅली आणि डिजिटल सही वापरणाऱ्यांनी मात्र मिंटच्या वाटेला जाऊ नये.

झाल्यावर

सेटिंग्जमध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये मराठी भाषा जोडा आणि तिच्या पर्यायांत ‘मराठी फोनेटिक’ कीबोर्ड निवडा. रोमन अक्षरांत टाइप केलं की देवनागरी उमटतं, इंटरनेट लागत नाही. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की भाषा बदलते. कोऱ्या इन्स्टॉलनंतर जुन्या वर्ड फायलींची पानं मागेपुढे सरकलेली दिसली तर मंगल फॉन्ट नाही असं समजा. तो ११ मध्ये सुरुवातीपासून नसतो. ‘ऑप्शनल फीचर्स’मधून ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ घेतलं की मंगल, कोकिळा आणि अपराजिता सगळे येतात.

जुनं विंडोज ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरमध्ये दहा दिवस राहतं, आणि तोवर सेटिंग्जमधल्या ‘रिकव्हरी’तून मागे जाता येतं. प्रिंटर, स्कॅनर, टोकन, टॅली, बँकेचं पान हे सगळं त्या दहा दिवसांत एकेकदा चालवून पाहा. महिनाअखेरचं काम अजून व्हायचं असेल तर मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते: डिझमला ‘ऑनलाइन’, ‘सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो’ आणि ‘व्हॅल्यू’ला ६० द्या, पण दहा दिवस उलटायच्या आत. डिस्क भरली म्हणून क्लीनअप चालवताना ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’वर खूण केलीत तर परतीचा दोर त्याच क्षणी कापला जातो.